नोजलवर मौजूद

चालू पंपाची मला कधी भीती वाटली नाही. भीती वाटते ती नुकत्याच बंद केलेल्या पंपाची. चालू पंप धडधडतो, थरथरतो, आपण जागे आहोत हे सगळ्या साइटला सांगत राहतो. बंद केलेला ग्राउट पंप गप्प असतो, पण त्याच्या पोटात आणि होजमध्ये दाबलेलं सिमेंट तसंच बसलेलं असतं, कुठून तरी सुटायची वाट पाहत. नव्या माणसाला हे पटत नाही. तो म्हणतो, बटण दाबलं, मशीन थांबलं, झालं काम. अशा माणसाला मी पहिले चार दिवस पंपाला हात लावू देत नाही, मग त्यानं मनातल्या मनात मला कितीही शिव्या घातल्या तरी चालेल.

ग्राउट म्हणजे काही मोठं गूढ नाही. सिमेंट आणि पाण्याची पातळ रबडी. पायाखालच्या भेगांत, भिंतीतल्या पोकळीत ती दाबानं भरायची, की तिथला भुसभुशीतपणा जाऊन जागा दगडासारखी होते. पंपाच्या बाजूला मिक्सर, वर रबडी ओतायचा जाळीचा हॉपर, पुढं लांबच लांब रबरी होज आणि होजच्या टोकाला नोजल धरून उभा असलेला एक माणूस. दाब किती ते सांगायला पंपावर गेज असतं, हातातल्या घड्याळापेक्षा थोडं मोठं. टोकावरचा माणूस बहुतेक वेळा पंपावरच्या माणसाला दिसतच नाही. तो खाली खड्ड्यात असतो, नाही तर भिंतीपलीकडे. त्याचं तोंड, डोळे, हात सगळं त्या गेजच्या काट्याच्या भरवशावर असतं.

हे मला उस्तादांनी शिकवलं. त्यांचं घराणं कारकुनांचं. आजोबा निजामाच्या कचेरीत लेखणी चालवायचे, वडील शाळेत मास्तर, आणि हे मात्र इंजिनाच्या नादाला लागून हात काळे करत बसले. मी चितेगावच्या अलीकडच्या एका खेड्यातला, शेतकऱ्याच्या घरचा. ट्रॅक्टर दुरुस्त करता येतो एवढ्या भांडवलावर साइटवर आलो होतो. त्यांनी मला पंपाशेजारी उभं केलं आणि पंधरा वर्षं तिथून हलू दिलं नाही.

त्यांची एक रीत होती. सगळी तपासणी झाली, होजचे जोड आवळले, जोड धरणाऱ्या क्लॅम्पच्या साखळ्या अडकवल्या, की ते पंपापाशी उभे राहायचे, तळहात होजवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि मोठ्यांदा विचारायचे, "कोण कुठं?" मग प्रत्येकानं आपली जागा सांगायची. मिक्सरवर मौजूद. हॉपरवर मौजूद. होजवर मौजूद. नोजलवर मौजूद. चार जागा, चार आवाज. एक जरी कमी पडला तरी पंप सुरू व्हायचा नाही, मग इंजिनिअर डोक्यावर येऊन नाचला तरी. तो मौजूद शब्द, म्हणजे हजर, त्यांच्या वडिलांच्या शाळेतल्या हजेरीचा. आमची पोरं पुढं पुढं नुसतं 'व्हय' म्हणू लागली, पण उस्ताद स्वतः नोजलवर असले की मौजूदच म्हणायचे. डोळे का मिटता, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, डोळ्याला सवयीचं दिसतं, माणूस तिथं नसला तरी दिसतो.

संध्याकाळी तसंच. पंप धुऊन झाला, दाब सोडला, की पंपावरचा माणूस एकेक जागा मोकळी करायचा. "नोजल मोकळा," असं ऐकल्याशिवाय नोजलवाल्यानं जागा सोडायची नाही. तोवर तो नोजलच्या तोंडाला ओलं गोणपाट गुंडाळून, सुतळीची गाठ मारून, तिचं टोक आत खोचून बसलेला असायचा. ती गाठही त्यांचीच. दुसऱ्या कुणाला तशी जमली नाही.

आता जे सांगायचं ते सांगतो, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

तीन वर्षांपूर्वी चितेगावच्या एका कारखान्यात मोठ्या मशीनच्या पायाखाली ग्राउट भरत होतो. त्या दिवशी मी पंपावर होतो आणि नोजलवाला आला नाही म्हणून उस्ताद टोकावर. दुपारी लाइन तुंबली. मी पंप बंद केला. टोकाकडचा शेवटचा तुकडा लोखंडी पाइपचा होता. रबरी होजवर हात ठेवला की तो फुगलाय की नरम पडलाय ते कळतं, लोखंड काही सांगत नाही. म्हणून त्यांनी भिंतीपलीकडून विचारलं, "काटा?"

मी गेजकडं पाहिलं. "शून्य," मी ओरडलो.

त्यांनी क्लॅम्प सोडला आणि आत कोंडलेलं सगळं त्यांच्या तोंडावर आलं. काटा शून्यावर होता हे खरं. तो सकाळपासूनच शून्यावर होता. गेजच्या नळीत जुनं सिमेंट घट्ट बसलेलं होतं, दाब कितीही असता तरी तो हललाच नसता. सुरू करायच्या आधी नुसत्या पाण्यावर पंप चालवून काटा चढतो का आणि उतरतो का, हे रोज पाहायचं असतं. शून्यावरच्या काट्याचा भरवसा नाही, हललेल्या काट्याचा आहे, हे त्यांनीच मला शंभरदा सांगितलेलं. त्या सकाळी मी तपासणीच्या कागदावर त्या रकान्यात बरोबरची खूण केली होती, चहा पिता पिता. काटा हलवून पाहिला नव्हता.

त्यांचा उजवा डोळा गेला. उजव्या कानानं ऐकू येईनासं झालं. आणि अहवालात मी लिहिलं की नोजलवरच्या माणसानं दाबाची खात्री न करता क्लॅम्प उघडला. मी लिहिलं. कुणी लिहायला लावलं नाही. नोकरी जाईल या भीतीनं माझा हात आपोआप चालला. दवाखान्यातून आल्यावर कंपनीनं त्यांना बोलावून विचारलं, तेव्हा ते म्हणाले, लिहिलंय ते बरोबर आहे. मग त्यांना हर्सूलच्या घरी बसवलं. मी भेटायला गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणता म्हणता तो रस्ताच माझ्यासाठी बंद झाला.

मागच्या हिवाळ्यात सिमेंटची गाडी घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरनं सांगितलं की हर्सूलचे ते म्हातारे गेले, घरापुढं तिरडी बांधलेली त्यानं पाहिली. मी पाण्याच्या ड्रमवर बसलो. वाईट वाटलं, लई वाईट वाटलं. आणि त्याच्या खाली कुठं तरी हायसंही वाटलं, हे लपवून काय करू? आता कुणी विचारणार नव्हतं. मी तेव्हाही गेलो नाही.

यंदा काम निघालं ते नेमकं हर्सूललाच. पाण्याच्या नव्या टाकीचा पाया घ्यायचा होता आणि त्याच्या कडेनं जमिनीखालून जुन्या नहरीची, म्हणजे दगडी पाणबोगद्याची, एक कोरडी शाखा जात होती. आपल्या शहराखाली अशा किती नहरी आहेत ते नकाशा काढणाऱ्यालाही नीट ठाऊक नसेल. दगडी भिंती, वर कमान, आत वाकून चालता येईल एवढी उंची. वरचा भार पेलावा म्हणून तिच्या भिंतींतल्या भेगा ग्राउटनं भरायच्या होत्या. जमिनीवर पंप, शेजारी विटांचा जुना उच्छ्वास, म्हणजे विहिरीसारखं उभं तोंड, त्यातून शिडीनं खाली उतरायचं. होज त्याच तोंडातून आत सोडलेला. खाली उतरलं की दोन बल्ब लावलेले, त्यांच्या पुढं नहर डावीकडं वळायची आणि वळणापलीकडं ठार काळोख.

मी साइटवर जाताना लांबचा रस्ता घ्यायचो. उस्तादांचा बोळ टाळायचा म्हणून.

पहिल्याच आठवड्यात जमिनीनं आमचं डोकं फिरवलं. एका भोकात सकाळभर ग्राउट गेलं तरी भिंत भरेना. कुठं जातंय कळेना. खाली नोजलवर माझ्याच वयाचा, पोरंबाळं असलेला, धीराचा गडी होता. तो म्हणाला, भिंतीला कान लावला की आतून गिळल्यासारखा आवाज येतो. मी त्याला म्हणालो, आवाज ऐकायला नाय, नोजल धरायला ठेवलंय तुला. पण दुपारी कुणी नसताना मीही खाली जाऊन कान लावला. आवाज येत होता.

मग एका सकाळी, आठच्या सुमाराला, मी नेहमीसारखा तळहात होजवर ठेवून डोळे मिटले. "कोण कुठं?" मिक्सरवर, व्हय. हॉपरवर, व्हय. होजवर, व्हय. आणि खालून, विटांच्या तोंडातून, संथ आवाजात आलं, "नोजलवर मौजूद."

मी डोळे उघडले.  वरचे तिघं आपापल्या कामात होते, त्यांना त्या शब्दाचं काही नव्हतं, ती पोरं उस्तादांनंतरची. मला वाटलं, खालचा गडी माझी चेष्टा करतोय. कुणी तरी त्याला जुनी गोष्ट सांगितली असणार. दुपारी तो वर आल्यावर मी त्याला चांगलाच झापला. तो ऐकून घेत राहिला. मग म्हणाला की तो तोंड उघडणार तेवढ्यात मागून, वळणाकडून, उत्तर आलं होतं. वर कुणाचं तरी असेल म्हणून तो गप्प राहिला, आणि दिवसभर त्यानं पाठ भिंतीला लावून काम केलं.

आमच्या साइट इंजिनिअरनं हसून सांगितलं की पोकळीत आवाज घुमतो. उंटावरचा शहाणा. घुमलेला आवाज आपलेच शब्द परत देतो. मी 'कोण कुठं' विचारलं होतं.

दुसऱ्या सकाळी खालच्या गड्यानं मला शिडीजवळून हाक मारली. नोजलच्या तोंडाला गोणपाट गुंडाळलेलं होतं. ते त्यानंच आदल्या संध्याकाळी गुंडाळलं होतं, त्यात नवल नव्हतं. पण आमचं गोणपाट सकाळपर्यंत वाळून कडक होतं, आणि हे ओलं होतं. नुकतंच भिजवलेलं, पाणी ठिबकत होतं. वर सुतळी होती, दोन वेढे आणि टोक आत खोचलेलं. मी ती गाठ किती वेळ पाहत राहिलो कोण जाणे. गड्यानं विचारलं, तुम्ही आला व्हता का काल? मी हो म्हणालो. खोटं बोलायचं माझ्या जिभेला वळण पडलेलंच होतं.

त्या दिवशी कामात माझं चित्त नव्हतं. पाठीमागं कुणी उभं आहे असं वाटायचं, वळून पाहावं तर कडुनिंबाचं झाड. जेवणाचा डबा तसाच घरी नेला. बायकोनं विचारलं तर तिच्यावरच चिडलो. मेलेला माणूस माझ्या मागं लागलाय हे बायकोला कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि का लागलाय, हे तर त्याहून अवघड.

तिसऱ्या सकाळी लख्ख ऊन होतं. मी तपासणीचा कागद घेऊन चहाच्या टपरीवरच उभ्या उभ्या खुणा केल्या. लवकर सुरू करावं, लवकर संपवावं, एवढंच डोक्यात होतं. पंपापाशी आलो, होजवर तळहात ठेवला. डोळे मिटायची हिंमत होत नव्हती, तरी मिटले. "कोण कुठं?"

मिक्सरवर, व्हय. हॉपरवर, व्हय. होजवर, व्हय.

"नोजलवर मौजूद."

चार जागा, चार आवाज. हजेरी पुरी. मी बटणाकडं हात नेला आणि डोळे उघडले. समोर, पाण्याच्या टँकरमागून, खालचा गडी तोंड पुसत येत होता. पोट बिघडलं म्हणून तो झाडीत गेला होता. तो अजून खाली उतरलेलाच नव्हता. त्यानंही ते उत्तर ऐकलं होतं आणि तो जागच्या जागी थांबला होता.

 मिक्सरवरच्या माणसाच्या हातातलं पोतं तसंच अर्धं ओतलेलं राहिलं. एकानं पायातली चप्पल काढून हात जोडले. कुणी तरी नारळ आणायचं बोललं. मला वाटलं, बसावं खाली आणि रडावं. पण माझ्याच मनानं मला सांगितलं की खाली कुणीही असो, जिवंत असो नाही तर नसो, नोजलवर माणूस आहे आणि तो कोण ते पाहिल्याशिवाय पंप सुरू होणार नाही. मी बटणाची पेटी बंद करून किल्ली खिशात टाकली, बॅटरी घेतली आणि शिडीवर पाय ठेवला.

खाली थंडी होती. बल्बच्या उजेडात नोजल भिंतीच्या भोकाला लावलेला दिसला. त्याच्याशेजारी, दगडावर, एक म्हातारा माणूस बसला होता. अंगात खाकी सदरा, वरपर्यंत बटणं लावलेली. एक डोळा मिटलेला. पायांत घोट्यापर्यंत चिखल. तळहात लोखंडी पाइपवर ठेवलेला. त्याच्यापासून नहरीच्या आतल्या बाजूला ओल्या पावलांची ओळ वळणाकडं जात होती.

मेलेल्या माणसाच्या पायाला चिखल लागत नाही, एवढं मला सुचलं. मग मी त्यांच्यासमोर बसलो.

"उस्ताद," मी म्हणालो.

त्यांनी डावा कान पुढं केला. मला त्यांनी ओळखलं नव्हतं. चेहऱ्यावर ओळखीचं काही नव्हतं, पण परकेपणाही नव्हता. साइटवर नवीन आलेल्या माणसाकडं ते पाहायचे, तसं पाहत होते. मी म्हणालो, चला वर, घरी जाऊ. त्यांनी मान हलवली.

"मोकळा म्हटल्याबिगर जागा सोडायची नाय."

"कुणी म्हणायचं मोकळा?"

"वर माझा चेला हाय पंपावर. तो बोलंल. काटा बघितल्याबिगर तो काय करत नाय."

 तीन वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते त्या अंधारात, ज्याला मी कोण तेही ठाऊक नव्हतं त्याला सांगून टाकलं. म्हणालो, उस्ताद, त्यानं काटा तपासला नव्हता. नळीत सिमेंट होतं. त्यानं नुसती खूण केली, आणि मग कागदावर तुमचं नाव लावलं. तो मीच. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. किती कळलं, देव जाणे. पाइपवरचा हात त्यांनी काढला नाही.

"मग आत्ता तपास," ते म्हणाले.

मी वर आलो.  उस्ताद आहेत, जिवंत आहेत, एवढं सांगितलं आणि खालच्या गड्याला त्यांच्याजवळ बसायला पाठवलं. मग जे सकाळी करायला हवं होतं ते केलं. आधी होज पंपापासून सोडूनच टाकला, म्हणजे खाली काही जायचा प्रश्न नको. पुढचा वॉल्व बंद केला. हॉपरमध्ये नुसतं पाणी घेतलं, परतीचा वॉल्व उघडा ठेवला, पंप सगळ्यात कमी वेगावर सुरू केला. पाणी फिरून हॉपरमध्ये पडू लागलं. मग परतीचा वॉल्व हळूहळू आवळत गेलो. पंपाचा आवाज जड झाला. परतीची नळी थरथरू लागली. दाब चढत होता, हाताला कळत होतं.

काटा शून्यावर होता.

मी पंप बंद केला, दाब सोडला, गेज उघडलं. नळीच्या तोंडाशी बोटाच्या पेराएवढा सिमेंटचा खडा बसलेला, पांढरा आणि कडक. आदल्या दोन दिवसांत मी गेज धुतलंच नव्हतं. खालच्या गड्यानं त्या दिवशी जर कधी विचारलं असतं, काटा? तर मी शून्य म्हणालो असतो. अगदी खरं खरं पाहून म्हणालो असतो. तो खडा मी सगळ्यांना तळहातावर दाखवला आणि तिथंच, उभ्यानं, चितेगावची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. माझ्या हाताखालची माणसं खाली मान घालून ऐकत होती. मिक्सरवरच्यानं थोड्या वेळानं माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

गेज साफ केलं. पुन्हा पाणी, पुन्हा वॉल्व. काटा चढला. वॉल्व सोडला, काटा उतरला. मग मी विटांच्या तोंडाशी गेलो. "काटा शून्य. हलवून पाहिला. नोजल मोकळा."

खालून काही आलं नाही. क्षणभर वाटलं, मी खाली कुणाला पाहिलंच नाही. मग शिडी हलली. आधी पांढरं डोकं उन्हात आलं, मग खाकी खांदे, आणि मागून त्यांना आधार देणारा गडी.

मी त्यांना घरी नेलं, टाळलेल्या बोळातून. दार त्यांच्या मुलीनं उघडलं. पूर्वी तिच्या हातचं कितीदा जेवलो होतो. तिच्याकडून कळलं की हिवाळ्यात गेले ते तिचे मोठे काका. वडिलांचं डोकं वर्षभरापासून चालेनासं झालं होतं. रोज सकाळी तयार होऊन ते निघायचे, ती समजायची देवळात जातात. नहरीचं दुसरं तोंड घरामागच्या पडीक जागेत होतं, लहानपणी ते त्यातून आत जाऊन खेळायचे. पंपाचा आवाज बहुधा तिथून त्यांच्यापर्यंत पोचला असावा. मी तिला अहवालाचं सांगितलं. ती बराच वेळ वडिलांचे पाय पुसत राहिली.

"हे मला सांगून काय होणार, भाऊ?" ती शेवटी म्हणाली. "जिथं लिहिलंत तिथं जाऊन सांगा."

तिथं, कंपनीच्या ऑफिसात, गेलो. दुसरा कागद लिहिला, खाली सही केली. फाइल बंद झाली आहे, असं तिथले साहेब म्हणाले. मी म्हणालो, मग बंद फाइलीतच ठेवा. नोकरी गेली नाही, पण चौकशी लागली आणि पुढच्या साइटवर मला पंपप्रमुख करायचं चाललं होतं ते बारगळलं. तक्रार नाही.

नहरीच्या घरामागच्या तोंडाला आम्ही जाळीचं दार लावलं. तरी उस्ताद सकाळी निघायचेच, म्हणून मुलीला विचारून मी त्यांना रस्त्यानं घेऊन यायला लागलो. पंपापासून लांब, कडुनिंबाखाली त्यांची खुर्ची. हजेरीत चार आवाज झाले की पाचवा तिकडून येतो, मौजूद. त्याच्याशिवाय मी बटण दाबत नाही. संध्याकाळी मी मोकळा म्हणतो, तेव्हा ते उठतात.

परवा मला बरं नव्हतं. दुपारनंतर पंप दुसऱ्यावर सोपवून मी सावलीत पडून होतो. काम संपल्यावर खुर्चीपाशी गेलो आणि सवयीनं मोकळा म्हणालो. ते उठले नाहीत. त्यांनी डावा कान पुढं केला.

"काटा?"

माझ्या तोंडात शब्द आला होता. तो मी गिळला. म्हणालो, मी नाही पाहिला. ते पुन्हा मागं टेकून बसले, तळहात गुडघ्यावर.

मी परत गेलो. पंप धुऊन झाला होता, माणसं हातपाय धूत होती. पुन्हा पाणी भरलं, वॉल्व आवळला, काटा चढताना पाहिला, उतरताना पाहिला, दाब सोडला, होज दाबून पाहिला. वीस मिनिटं गेली असतील. कुणी कुरकुर केली नाही. परत आलो तेव्हा ते तसेच बसलेले होते.

"काटा?" त्यांनी विचारलं.

"शून्य, उस्ताद."

त्यांनी हात पुढं केला आणि मी त्यांना उठवलं.